जावळाचा कुंचला

जपानातल्या आमच्या कुमानो गावात झिजलेला कुंचला कुणी कचऱ्यात टाकत नाही. त्याला अग्नी देतात. सप्टेंबरात दिवस आणि रात्र सारखी होतात त्या दिवशी टेकडीवरच्या देवळासमोर कुंड पेटतं. वर्षभर साठलेले टकले, तुटके, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे विसकटलेले कुंचले पुजारी मंत्र म्हणत असताना एकेक करून त्यात सोडायचे असतात. गावचे तर असतातच, पण टपालानेही येतात. कुणी शाळामास्तर पाठवतो, कुणी दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तर कुणी विधवा नवऱ्याचा पाठवते. सोबत चिठ्ठी असते, कधी नसतेही. सप्टेंबरात आलेल्या कुंचल्याला चिठ्ठी लागत नाही. तो कशासाठी आलाय हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ही पुडकी उघडायचं काम कितीतरी वर्षं हात्सुए इवामोतोकडे होतं. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकच चूक झाली. ती झाली तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी अगदी बरोबर घडलं.

हात्सुए कुंचले करायची. पूर्ण कुंचला नव्हे, त्यातले केस. दांडी बसवायचं काम तिचा नवरा योशिझो करायचा, आणि दांडीला केस मिळाले नाहीत तर ती नुसती काठी, हे ती त्याला दिवसातून एकदा तरी ऐकवायची. खिडकीपाशी मांडी घालून ती बसायची. समोर पाट, हातात बोथट सुरी. बकरीचे केस मुठीत धरून त्यांची टोकं एका रेषेत आणायची आणि उलटा, मोडका, टोक नसलेला केस सुरीने अलगद ओढून काढायची. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने. ओकुगावासान म्हणून घाऊक व्यापारी होते, ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "इवामोतो बाईंच्या हातच्या कुंचल्यात एक उलटा केस दाखवा, मिशी उतरवीन." त्यांना मिशी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

केस जुळवण्याआधी एक काम असतं आणि सगळं त्यावर उभं असतं. केसांना तेल असतं, प्राण्याचं असो की माणसाचं. ते तेल काढलं नाही तर केस शाई धरत नाहीत. म्हणून भाताच्या तुसाची राख केसांवर घालायची, वर तापलेली इस्त्री ठेवायची आणि गरम असतानाच हरणाच्या कातड्यात गुंडाळून दोन्ही तळव्यांनी जोर लावून घोळायचं. हातांना फोड येतात. पण तिथे दया दाखवून चालत नाही, असं हात्सुएची सासू म्हणायची आणि स्वतः ती सुनेच्या बाबतीतही दाखवायची नाही.

हात्सुएने एकदाच दया दाखवली.

तिला चिगुसा झाली ती १९४७च्या सुरुवातीला, ऐन थंडीत. आधीची दोन पोटातच गेली होती. त्या वर्षी घरात रताळ्याशिवाय काही नव्हतं आणि कुमानोच्या टेकड्यांवरचा वारा भिंतीतून आत यायचा. मूल जगेल की नाही या धास्तीने हात्सुए वर्षभर नीट झोपली नाही. पोर झोपली की नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. पोर हसली तर हसली का, आणि रडली तर रडली का. पहिल्या वाढदिवसाला जावळ काढलं तेव्हा चिगुसा गाढ झोपली होती. काळेभोर, बोटभर लांब केस हात्सुएने स्वतः कापले आणि कागदात घेतले.

जावळाचा कुंचला माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. केसाला जन्मतः जे निमुळतं टोक असतं ते कात्री लागेपर्यंतच. एकदा कापलं की पुढे येणारे केस कितीही लांब वाढोत, त्यांना ते टोक परत येत नाही. म्हणून गावात लेकराच्या जावळाचा कुंचला करून पेटीत ठेवतात आणि मूल वीस वर्षांचं झालं की आईबापांनी तो दोन्ही हातांनी त्याच्या हातात द्यायचा. तोवर त्याला शाई लावायची नाही. शाई लागली की कुंचला त्या हाताचा झाला. दुसऱ्याच्या हातात मग तो हट्ट करतो.

त्या दुपारी चिगुसा शेजारीच झोपली होती. बोडकं डोकं, त्यावर निळसर शीर. हात्सुएने राख घातली, इस्त्री ठेवली, कातड्यात केस गुंडाळले आणि घोळायला घेतले. दोन-तीनदा तळवे फिरवले असतील नसतील, पोर झोपेत कण्हली. बस्स. हात्सुएचे हात थांबले. या केसांना आपण जाळतोय, रगडतोय, आणि ते दुखतंय तिला, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं. केस अजून तेलकट आहेत हे अंगठ्याला स्पष्ट कळत होतं. उद्या परत घोळू असं म्हणून तिने ते तसेच बांधले. तो उद्या काही आला नाही. योशिझोने चेरीच्या लाकडाची दांडी बसवली, किरीच्या हलक्या लाकडाची पेटी केली आणि कुंचला कपाटात गेला.

चिगुसा जगली. नुसती जगली नाही, हाताबाहेर गेली. पाटाशी बसायचं नाव नाही. ओकुगावासानच्या गोदामात कुंचल्यांना वेष्टनं चढवायची आणि रद्दी कागद घरी आणून त्यावर चित्रं काढत बसायची. हात्सुएला ते आवडायचं नाही. "कुंचला करणाऱ्यांनी तो चालवायचा नसतो," ती म्हणायची. खरं म्हणजे तिला भीती वाटायची. चित्रं काढणारी माणसं कुठेतरी निघून जातात असं तिने ऐकलं होतं. दर नव्या वर्षाला चिगुसा पेटी उघडून बघायची आणि विचारायची, "अजून किती वर्षं?" हात्सुए सांगायची, आणि पेटी परत कपाटात जायची.

१९६६च्या शरदात, चिगुसाला वीस पूर्ण व्हायला चार महिने राहिले असताना, गारीसान आले.

त्यांचं खरं नाव एस्तेवे गारिगोसा. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याकडले मोठे चित्रकार, वय अडुसष्ट. तोक्योत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं आणि ते उरकल्यावर त्यांनी हट्ट धरला की कुंचले जिथे होतात ते गाव बघायचं. एवढं लांबलचक नाव गावाच्या जिभेवर बसेना. आमच्याकडे माशाबरोबर खायच्या आल्याच्या गुलाबी लोणच्याला गारी म्हणतात, आणि त्यांचा चेहराही डोंगर चढून आल्यावर तसाच गुलाबी व्हायचा. पहिल्या संध्याकाळीच, पुढे मानाचं 'सान' लागून, ते गारीसान झाले. दुभाष्याने बिचाऱ्याने संकोचत त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते इतके हसले की ओकुगावासानच्या बायकोने घाबरून पाणी आणलं.

आठ दिवस ते ओकुगावासानकडे राहिले आणि आठही दिवस हात्सुएच्या कामाच्या खोलीत येऊन बसले. मांडी घालता यायची नाही, म्हणून पाय लांब करून, भिंतीला टेकून. दुभाष्यामार्फत त्यांनी सांगितलं की लहानपणी त्यांच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात एक जुनं जपानी चित्र टांगलेलं होतं. पुलावरून माणसं पळताहेत आणि पाऊस नुसत्या तिरप्या रेघांनी काढलेला. पाऊस रेघेने काढता येतो हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर बापाच्या ऑलिव्हच्या बागेत त्यांचं लक्ष लागलं नाही.

"आमच्याकडे पाऊस रेघेने काढतात," योशिझो दांडी तासता तासता म्हणाला, "कारण आमच्याकडे तो तसाच पडतो."

तोक्योतली तरुण पोरं मात्र गारीसानसारखी चित्रं काढायला धडपडत होती. प्रदर्शनात त्यांनी म्हाताऱ्याला घेरून टाकलं होतं. त्यांना याच्यासारखं काढायचं होतं आणि याला त्यांच्या पणजोबांसारखं. योशिझोच्या मते दोन शेजारी एकमेकांच्या घरी एकाच वेळी जेवायला गेले होते, आणि आता दोन्हीकडे दाराला कडी.

चिगुसा त्या आठवड्यात गोदामातून लवकर यायची. शाई उगाळून द्यायची, कागद अंथरायची आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून बघत बसायची. एकदा त्याने तिची चित्रं मागून घेतली, एकेक बघितली आणि दोन बाजूला काढून ठेवली. चिगुसाचं जेवणात लक्ष नव्हतं त्या दिवशी.

पण हात्सुएलाही त्या पाहुण्याचं काहीतरी झालं होतं. चाळीस वर्षं तिचं काम दुसऱ्यांच्या नावाने विकलं जात होतं. हा माणूस दिवसभर तिच्या अंगठ्याकडे बघत होता. शेवटच्या दिवशी त्याने तिचे सतरा कुंचले पाण्यात भिजवून पाहिले. बकरीचे, कोल्ह्याचे, घोड्याच्या शेपटीचे. प्रत्येक कुंचल्याने एकेक लांब रेघ ओढली आणि प्रत्येक वेळी मान हलवली. चांगला आहे, पण हा नव्हे. त्याला अशी रेघ हवी होती जी सुरू कुठे झाली ते कळत नाही. दुभाषा दमला. गारीसाननी सतरावा कुंचला खाली ठेवला आणि हात्सुएकडे बघून हसले, जसं हरलेल्या दुकानदाराकडे बघून गिऱ्हाईक हसतं.

हात्सुए उठली. कपाट उघडलं. ती पुढे कित्येकदा म्हणायची, मी उठले ते मला आठवतं आणि बसले ते आठवतं, मधलं नाही. पण आठवत असणार. तिने पेटी उघडली आणि कुंचला त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो भिजवला, शाईत बुडवला आणि कागदावर एक रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे, श्वास न घेता. ती कुठे सुरू झाली ते खरंच दिसत नव्हतं. आणि पाऊण वाटेवर तिच्यात एक बारीक पांढरा पट्टा उमटला, काळ्या शाईत, केसाएवढा, शेवटपर्यंत गेलेला. हात्सुएला तो बघताच कळलं की तो कुठून आला. घोळायचे राहिलेले केस. तेल. कसबी माणसाची सगळ्यात मोठी चूक परक्या माणसासमोर कागदावर उतरली होती. ती शरमेने खाली बघू लागली.

गारीसान मात्र त्या पट्ट्याकडे देव दिसल्यासारखे बघत होते.

त्यांनी दुभाष्याला विचारलं, आणि दुभाष्याने तिला. "बाई, हे केस कशाचे?"

नेमकी तेव्हाच चिगुसा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. हात्सुएने तिला पाहिलं. ट्रे पाहिला, रिकामी पेटी पाहिली. खरं सांगितलं तर पाहुणा ओशाळेल, कुंचला परत देईल, ओकुगावासानची मान खाली जाईल, आणि त्या पट्ट्याचं कारण सांगावं लागेल. हे सगळं तिच्या मनात आलं की यातलं काहीच आलं नाही, कोण जाणे.

"बकरीचे," ती म्हणाली.

चिगुसाने चहा ठेवला. पाहुण्याला, दुभाष्याला, मग बापाला, मग आईला. वाकून नमस्कार केला आणि दार लोटून घेतलं. शाई लागली होती. कुंचला आता त्या हाताचा होता. गारीसाननी पैसे विचारले तेव्हा हात्सुएने हात जोडून नको म्हटलं, तेवढंच काय ते.

चिगुसा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जानेवारीत गावातल्या वीस वर्षांच्या पोरी नव्या किमोनोत देवळात गेल्या तेव्हा ती गोदामात वेष्टनं चढवत होती. मार्चमध्ये तिने बॅग भरली. बसच्या थांब्यापर्यंत हात्सुए मागोमाग गेली. डब्यात भाताचे गोळे दिले. पोचलीस की पत्र लिही, थंडीचं बघ, खोली घेताना खिडकीला कडी आहे का बघ, असं ती बोलत राहिली. बस आली. चिगुसा पायरीवर चढली आणि मागे वळली.

"आई, बकऱ्यांना पत्र लिहिता येत नाही. वाट बघू नकोस."

आधी तोक्यो, मग तीन वर्षांनी जहाजाने युरोप. बापाला नव्या वर्षाचं कार्ड यायचं, बार्सेलोना शहराचा शिक्का असलेलं. त्यात हवापाणी असायचं. आईला दंडवत असायचा, तोही बापाच्या कार्डात.

मधल्या वर्षांत एक गंमत झाली, जिच्यावर हात्सुए सोडून सगळं गाव हसलं. गारीसानच्या चित्रांत आता शेवटची एकच रेघ काळ्या शाईची असायची आणि त्या रेघेत तो पांढरा पट्टा. तिकडच्या विद्वानांनी त्यावर लिहिलं. जपानी मौनाचा, रितेपणाचा मार्ग या पट्ट्यातून वाहतो वगैरे. ते छापून तोक्योला आलं, तोक्योच्या पोरांनी वाचलं आणि तीही आपल्या रेघेत पांढरा पट्टा शोधू लागली. शेवटी एक दिवस ओकुगावासान कागद नाचवत घरी आले. ऐंशी कुंचल्यांची मागणी होती, पट्टा पडणाऱ्या.

"म्हणजे बिघडलेले," योशिझो म्हणाला.

"बिघडलेले नाहीत हो, रितेपणाचे," ओकुगावासान म्हणाले. "दर दुप्पट आहे."

हात्सुएने करून पाहिले. राख कमी घातली, घोळणं अर्ध्यावर सोडलं. बकरीच्या केसांवर शाईचे नुसते थेंब उभे राहिले, पट्टा नाही पडला. तिने मागणी परत पाठवली. ओकुगावासान म्हणाले, बाईंना चांगलं काम सोडून काही येत नाही. ते कौतुक होतं, पण ती दोन दिवस जेवली नाही.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात, कुंड पेटायच्या चार दिवस आधी, देवळाच्या ओसरीवर पुडक्यांचा ढीग उपसत असताना तिच्या हाताला परदेशी तिकिटांचं एक लांबट खोकं लागलं. वर तिचंच नाव होतं, पण सप्टेंबरातलं म्हणून टपालवाल्याने तेही देवळातच टाकलं होतं. आत कापसात कुंचला. केस जेमतेम पेराएवढे उरलेले, मधोमध फाटा पडलेला, चेरीची दांडी पकडीच्या जागी काळी आणि गुळगुळीत. सोबत दोन पानी पत्र, तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत.

तिने तो घरी आणला. योशिझोने दांडी ओळखली. बराच वेळ हातात धरून बसला.

"अगं, पत्र कुणाला तरी दाखवू या आधी. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखव."

"सप्टेंबरात आलेल्या कुंचल्याचं काय वाचायचं असतं?" हात्सुए म्हणाली. "म्हातारा आठ दिवस राहून गेलाय इथे. त्याला ठाऊक आहे. झिजला, म्हणून पाठवला. मानाने पाठवलाय."

"तरीपण."

"अहो, एवढं लांबून कुणी कशाला पाठवेल दुसऱ्या कामासाठी?"

तिचं चुकलं असं गावातला कुणी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाच्याही हातात ते खोकं पडलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं. पण दुसऱ्या कुणी ते इतक्या घाईने केलं नसतं. अकरा वर्षं ती चेरीची दांडी तिच्या घशात अडकली होती. आता ती देवाच्या दारात आपण होऊन आली होती. खोटं बोललेलं, दिलेलं, गमावलेलं सगळं एकदम मंत्र म्हणून संपवता येणार होतं.

समारंभाच्या दिवशी तिने तो कुंचला सगळ्यांत शेवटी दोन्ही हातांनी सोडला. लेकीच्या हातात द्यायचा होता तसाच. तेलकट केस होते, चर्र झालं आणि एक वेगळाच वास आला, बाकीच्या धुरात न मिसळणारा. तिने डोळे मिटून क्षमा मागितली आणि पायऱ्या उतरताना तिला हलकं वाटलं. सुटले, असं वाटलं. नंतर सगळ्यांत जास्त तिला छळलं ते या सुटल्याने.

नऊ दिवसांनी कार्ड आलं. या वेळी त्यावर बापाचं नाव नव्हतं.

"आई, गारीसानना मी सगळं सांगितलं. बकरीचंसुद्धा. सात वर्षं याच शहरात राहून त्यांना टाळत होते, शेवटी एका प्रदर्शनात समोरासमोर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी दुसऱ्याच्या लेकराच्या केसांनी रेघा ओढत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही. कुंचला मला देत होते. मी म्हटलं, मी तो तुझ्या हातून घेईन. म्हणून तुला पाठवलाय. दहा ऑक्टोबरला येते. तोवर पेटीत ठेव. चिगुसा."

हात्सुएने कार्ड दोनदा वाचलं आणि कपाटातली पेटी काढून पुढ्यात ठेवली. योशिझोने वाचलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "हं," आणि अंगणात जाऊन उभा राहिला. मी तुला म्हटलं होतं, असं तो म्हणाला नाही. उभ्या जन्मात टोमणा मारायची इतकी चांगली संधी त्याने कधी सोडली नव्हती.

आठ दिवस होते. हात्सुए पाटाशी बसली. घरात होते तेवढ्यातले सर्वांत मऊ बकरीचे केस निवडले, शाईत भिजवून काळे केले, बांधले. जुन्या सामानातली चेरीची एक दांडी सापडली, ती तिने स्वतः बसवली, नवऱ्याला न विचारता. मग केस दगडावर घासून झिजवले, मधे फाटा पाडला, दांडीला शाई आणि तेल चोळून पकडीची जागा काळी केली. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने असं काम कधी केलं नव्हतं. इतकं हुबेहूब झालं की तिची तिला भीती वाटली. पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

दहा तारखेला दुपारच्या बसने चिगुसा आली. केस कापलेले, चष्मा, हात आईसारखेच राठ. छापखान्यात काम करून झाले असावेत. बारीक झालीस, असं हात्सुए म्हणाली. तू म्हातारी झालीस, असं ती म्हणाली. भात झाला, मुळ्याचं लोणचं झालं, बापाने अंगणातल्या काकी नावाच्या झाडाची केशरी फळं सोलून दिली. मग चिगुसाने चूळ भरली, हात धुतले आणि खिडकीपाशी पाटासमोर नीट गुडघे मोडून बसली. वीस वर्षांच्या पोरीने बसायचं तशी.

हात्सुएने पेटी दोन्ही हातांनी उचलली. चिगुसाने वाकून दोन्ही हात पुढे केले. दोघींच्या हातांत वीतभर अंतर राहिलं असेल.

"थांब," हात्सुए म्हणाली. "ती बकरी आहे."

चिगुसाने मान वर केली.

"आणि माझा?"

"जाळला. देवळात. मला वाटलं त्यासाठीच आलाय." पेटी तशीच धरून ती म्हणाली, "दोन्ही हातांनी सोडला."

योशिझो दाराशी होता, तो आत आला नाही. चिगुसाने पत्र मागितलं. दोन पानं तिने मनात वाचली, मग आईला वाचून दाखवली, वाक्यावाक्याने उलगडून. म्हाताऱ्याने माफी मागितली होती. उरलेल्या केसांतून दहा-बारा तरी नवा कुंचला बांधताना मधे घालता येतील का, असं विचारलं होतं. वाक्यांमधून चिगुसाचं नाव चार वेळा आलं होतं. हात्सुएने ते बोटाने दाखवायला सांगितलं. चारही ठिकाणी तिने बोट ठेवून पाहिलं. तेवढं नाव तर इंग्रजीच्या मास्तरांना सहज वाचता आलं असतं.

मग तिने कपाटाच्या तळातून गुंडाळलेला एक कागद काढला. अकरा वर्षांपूर्वीची ती रेघ. गारीसान जाताना विसरले होते, आणि तिने ती ना टाकली ना कुणाला दाखवली.

चिगुसाने तो खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या पट्ट्यावरून तिचं बोट गेलं. "तिकडे यावर दोन पुस्तकं निघालीत. हा कशाने येतो गं आई?"

"घोळलं नाही मी नीट. राखेत." हात्सुए कागदाकडेच बघत होती. "तू शेजारी झोपली होतीस. कण्हलीस. मला वाटलं, दुखतंय."

खिडकीबाहेर योशिझो उगाचच झाडू मारत होता. चिगुसाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गारीसानना सांगू हे?"

"नको. पुस्तकं लिहिली आहेत ना लोकांनी."

चिगुसा हसली, पण ते हसू पुरतं चेहऱ्यावर आलं नाही. ती पाच दिवस राहिली. आईशी बोलली, चांगलं बोलली, पाहुणी बोलते तसं. रात्री हात्सुए उठून तिच्या पांघरुणाकडे बघून यायची. नाकापाशी बोट धरावंसं वाटायचं, पण आता ते कसं करणार. जाताना रेघेचा कागद चिगुसाने घेतला नाही. इथेच राहू दे, म्हणाली. पेटीतला कुंचला मात्र तिने बॅगेत टाकला. "बकरीला घेऊन जाते," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. या वेळी पत्रं आली, आईच्या नावाने, वर्षाला दोन. गारीसान दोन वर्षांनी गेले, तेही त्यातल्याच एका पत्राने कळलं. ती स्वतः मात्र पुन्हा आली ती हात्सुए गेल्यावर.

पुढच्या सप्टेंबरपासून हात्सुएने एक नवीच पद्धत काढली, जिच्यापायी देवळातले लोक वैतागले. टपालाने आलेला कुंचला कितीही झिजलेला असो, त्यासोबत चिठ्ठी असो वा नसो, पाठवणाऱ्याला ती एक कार्ड लिहायची: "आपला कुंचला पोचला. जाळू ना?" उत्तर आल्याशिवाय तो कुंडात जायचा नाही. पुजारी म्हणायचे, बाई, इतक्या वर्षांत कुणी नको म्हटलंय का? कुणी म्हटलं नव्हतं. बहुतेक सगळे लगेच होय लिहायचे, आणि आभारही मानायचे.

पण काहींचं उत्तर येतच नसे. माणूस गेलेला असायचा, पत्ता बदललेला असायचा, किंवा नुसता आळस. ते कुंचले हात्सुए घरी घेऊन यायची. ती गेली तेव्हा त्रेसष्ट निघाले, कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलेले, प्रत्येकाच्या दांडीला पत्त्याची चिठ्ठी. चिगुसा त्या सामानासमोर बसली होती. बापाने विचारलं, "यांचं काय करायचं?" तिने एक कुंचला उचलला, चिठ्ठीवरचा पत्ता वाचला आणि कोरी कार्डं कुठे ठेवली आहेत ते विचारलं.